गुरुवारचा वाद

पेल्यातलं पाणी बराच वेळ हललं नाही, की काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरतात. चर्चचा पाळक त्या बुडबुड्यांकडे बघत बसला होता. तो आल्या आल्या शिलाईवाल्या बाईनं पेला पुढे ठेवला होता. दर गुरुवारी ठेवायची. तो हात लावायचा नाही, तीही घ्या म्हणायची नाही.

तो असेपर्यंत ती खुर्चीवर बसत नसे. टेबलाशी उभी राहून शाळेच्या गणवेशांचं कापड खडूनं आखत राही. मान वर नाही.

“उद्या सुनावणी,” पाळक म्हणाला.

“माहितीये.”

तेवढ्यावर तो विषय मिटला. दोघांचे एकुलते मुलगे एकाच गल्लीत वाढलेले. एका संध्याकाळी भांडण झालं, चाकू निघाला. एक मातीत गेला, दुसरा फाशीच्या कोठडीत. इथल्या कायद्यानं मयताच्या घरच्या कर्त्या माणसानं न्यायाधीशासमोर ‘माफ’ म्हटलं, तर फाशी टळायची. मुदत उद्या संपत होती आणि तो शब्द अजून कुणाच्या तोंडून निघाला नव्हता.

“तिच्या दारात जाऊन तुम्हाला काय मिळणार आहे?” पाळकाची बायको विचारायची.  तरी गुरुवार आला की पाय इकडेच वळायचे. आणि इथे आलं की दोघं धर्मावर वाद घालायची. दुसरं बोलण्यासारखं उरलंच काय होतं?

“मागच्या खेपेचं राहिलंय,” बाई म्हणाली. “बायबलात, मोशेच्या नियमशास्त्रात, डोळ्याबद्दल डोळा लिहिलंय. ग्रंथ तुमचा. मग तुम्ही ते धरता की सोडता?”

“ते सूड वाढू नये म्हणून होतं. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, अख्खं घरदार नाही. ख्रिस्तानं नियमशास्त्र मोडलं नाही, पूर्ण केलं.”

“पूर्ण केलं, मग डोळा गेला कुठे? डुक्कर खायचं नाही, सुंता करायची, त्याचंही तेच. अडचणीचं काही आलं की तुमचं बरं पूर्ण होतं!”

पाळकाला हसू आलं आणि त्याचा तोच दचकला.

आतल्या खोलीतून तिच्या सासूचा आवाज आला. “आला का गं तो तीन देववाला? त्याला म्हणावं, आधी बेरीज शिक.”

“देव एकच आहे, आजी,” पाळक मोठ्यानं म्हणाला. “बेरीज मात्र मलाही पुरती सुटलेली नाही.”

“मग लोकांना काय कपाळ शिकवतोस?” म्हातारी खोकली. “अगं, नातू जेवायला आहे का आज?”

बाईचा खडू थांबला. “नाही आई. आज नाही.”

म्हातारीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

खडू पुन्हा चालू लागला, पण रेघ वाकडी गेली. बाईनं ती बोटानं पुसली. “आमच्या कुराणातही जिवाबद्दल जीव आहे,” ती म्हणाली. “पण सोडून देणारा मोठा, असंही आहे.”

“मग?”

“मग काय, पाळकसाहेब? मोठेपणा मागून मिळतो का कुणाला?”

पाळकानं मान खाली घातली. चटईच्या कडेला दोऱ्याचे तुकडे साचले होते. तो ते उगाच गोळा करत राहिला.

“एक सांगा,” ती म्हणाली. “आमच्या अल्लाला माफ करायचं असेल तर तो नुसता माफ करतो. तुमच्या देवाला आधी मुलाचं रक्त का लागलं?”

हा प्रश्न त्याला नवा नव्हता. यावर त्यानं प्रवचनं दिली होती, उत्तर तोंडपाठ होतं.

“माफी फुकट नसते, बाई. झालेलं नुकसान हवेत विरत नाही. ते कुणीतरी सोसतंच. क्रुसावर देवानं ते स्वतः सोसलं.”

“स्वतः कुठे? मुलाला पुढे केलं.”

“पिता आणि पुत्र वेगळे नाहीत. म्हणून तर आम्ही त्रैक्य म्हणतो, तिघांत एकच देव.”

“एक की तीन, ते ठरवा एकदा!” आतून आवाज आला.

बाईनं खडू खाली ठेवला.

“आमच्यात एकाचं ओझं दुसरा उचलत नाही,” बाई म्हणाली. “उचलता आलं असतं तर आयांनी मुलांच्या खांद्यावर काही ठेवलंच नसतं.” ती क्षणभर थांबली. “आणि तुम्ही म्हणता, ज्याचं गेलं त्यानंच वर सोसायचंही. हा कुठला न्याय?”

“न्याय नाहीच तो.”

पुढचा शब्द प्रवचनात सहज यायचा. कृपा. आज तो न उच्चारताच पाळक उठला, चपला घालू लागला.

“उद्या काहीही होवो,” त्याच्या पाठीमागून ती म्हणाली, “पुढच्या गुरुवारी येऊ नका. मला झेपायचं नाही.”

न्यायाधीशांची खोली लहान होती. खिडकीच्या फुटक्या काचेला पुठ्ठा लावला होता, त्यामुळे सकाळीही दिवा जळत होता. कारकुनानं प्रकरण वाचून दाखवलं. मुलांची नावं आली तेव्हा बाईनं डोळे मिटले. पाळकाची बायको आली नव्हती. त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“उभे राहा,” कारकून म्हणाला. दोघंही उभी राहिली.

“कुणाचं दडपण नाही ना?” न्यायाधीशांनी विचारलं. “आज शब्द दिला नाहीत, तर नंतर माझ्याही हातात काही उरणार नाही.”

 बाईचे ओठ नुसते हलत होते. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वाट पाहिली.

“मनातून अजून होत नाही, साहेब,” पाळक म्हणाला. “पण लिहून घ्या, माफ. माझा गेला, यांचा राहू दे.”