माईक कुणाला

"माईक मला लाव, मीच बोलतो," म्हणत सरपंचबाईंच्या नवऱ्याने छाती पुढे केली. बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

चॅनेलमध्ये मी नुकतीच कामाला लागले होते. वायरी गुंडाळण्यापलीकडे कुणी हातात काही देत नव्हतं. पण माईक कुणाला लावायचा, हे पक्कं शिकले होते: ज्याची मुलाखत, त्याला. मी तो बाईंच्या पदराला अडकवला.

"तिला काय कळतंय?" तो खेकसला.

"सरपंच त्या आहेत," म्हणत मी हेडफोन चढवला. कानात नुसती खरखर आली. "ताई, मंगळसूत्र माईकवर घासतंय."

बाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मंगळसूत्र उचलून पाठीवर टाकलं आणि खुर्ची कॅमेऱ्याकडे ओढली.

"आता विचारा. आणि ह्यांना बाहेर बसवा, मध्येमध्ये बोलतात."