सहाचा भोंगा

"बटण दाबायला कसला आलाय अनुभव?" माझ्या शेजारच्या खुर्चीवरून वकील धारपुरे उठून गरजले. "पगार मिळतो ना? मग नोकरी जुनी झाली म्हणून जादा वेतनवाढ कशाला? हा जनतेचा पैसा आहे!"

मुद्दा अगदीच खोटा नव्हता; आम्हा बाकीच्या नगरसेवकांपैकी दोघांनी मानाही डोलावल्या. ज्यांच्या वेतनवाढीवरून हे पेटलं होतं, ते काशिनाथमामा दाराशी उभे होते. नगरपालिकेचा भोंगा तीस वर्षं तेच वाजवतात. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःचा विषय अर्ध्यावर सोडून ते लगबगीने जिन्याकडे गेले.

"बघा! ऐकून घ्यायचीही तयारी नाही," धारपुरे म्हणाले. पुढचं वाक्य सुरू होतंय तोच गच्चीवर सहाचा भोंगा झाला.

बोलता बोलताच धारपुऱ्यांनी मनगट वर केलं, घड्याळाची किल्ली ओढली आणि मागे पडलेले काटे सहाला जुळवले. भोंग्यावर घड्याळ लावायची ही शाळेपासूनची सवय, आमच्या गावात सगळ्यांनाच आहे. मग त्यांना स्वतःचाच हात दिसला.

सभागृहात कुणीतरी हसलं. धारपुरे हसले नाहीत. किल्ली पुन्हा आत दाबून ते म्हणाले, "अध्यक्षबाई, विरोध मागे. ठराव मीच मांडतो."

सगळ्यांचे हात वर गेले.

मामा धापा टाकत परतले. "मध्येच उठून गेलो, माफ करा साहेब. सहा वाजत आले होते."

"गेलात म्हणूनच तर मंजूर झालं, मामा," धारपुरे म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.