प्रार्थनेची वेळ

युद्धातून जीव मुठीत धरून आलेल्या मुसलमान शिंप्याला या गल्लीत कुणी ओळख दिली असेल, तर ती समोरच्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी. चर्चमधल्या आपल्या छोट्या गटालाही त्या सारख्या बजावायच्या, "अरे, शेजारी आहे तो आपला. एकदा त्याच्या घरी तर जा!" गट दर आठवड्याला माना डोलवायचा. त्याचा उंबरा मात्र कुणी चढला नाही.

त्या संध्याकाळी बाईंना जोराची धाप लागली. शिंप्याने धावत येऊन अँब्युलन्स बोलावली, मग बाईंच्याच मोबाइलवरून गटातल्या एकेकाला फोन लावला. सगळ्यांचे फोन बंद.

"कुणीतरी प्रार्थना म्हणा रे," त्या पुटपुटल्या.

"मावशी, मला तुमची येत नाही."

"मग तुझी म्हण."

त्याने आपली म्हटली. त्याच्या "आमीन"वर त्यांनी हळूच "आमेन" म्हटलं. अँब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

तासाभराने गट धावतपळत आला. गटप्रमुखाने ओशाळून शिंप्याचे हात धरले.



"भाऊ, आज आम्ही तुमच्यासाठीच प्रार्थनेला बसलो होतो. म्हणून तर सगळ्यांनी फोन बंद ठेवले होते."