मुख्य फेरीतली शेवटची जागा

"पॉइंट कोर्टवर मिळतात, पाळण्यापाशी नाही," सगळ्यांत उंच खेळाडू म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

खेळाडूंच्या समितीची बैठक मालिशच्या खोलीत भरली होती. खुर्च्या कमी, म्हणून निम्म्या जणी मालिशच्या टेबलांवर पाय सोडून बसल्या होत्या. टेनिसची क्रमवारी म्हणजे गळकं भांडं. या आठवड्यात कमावलेले पॉइंट पुढल्या वर्षी याच आठवड्यात गळून जातात. वरून नवे ओतले नाहीत, तर भांडं रिकामं. त्यांच्यातली सगळ्यांत थोरली खेळाडू बाळंतपणासाठी घरी राहिली आणि तिचं भांडं कोरडं पडलं. आता तिचा अर्ज होता, की खेळ थांबवला तेव्हाच्या क्रमांकावरच आपल्याला या स्पर्धेत घ्यावं. अर्ज तिचा, म्हणून तिला बाहेर बसवलं होतं.

"गुडघा मोडला तर आपण जागा राखतोच की," कुरळ्या केसांची म्हणाली. "मग मूल झालं तर का नाही?"

"गुडघा कुणी हौसेने मोडून घेत नाही, बाई," उंच खेळाडू म्हणाली.

"हो का? आणि तू काय आभाळातून पडलीस?"

अध्यक्षबाई जुन्या पंच. त्यांनी चष्म्याने टेबलावर टकटक केलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक डावखुरी खेळाडू बसली होती. मुख्य फेरीतली शेवटची जागा तिची होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मिळालेली. थोरली आत आली, की ती बाहेर, पात्रता फेरीत. हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"बाई, मी मत देत नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर बाकावर थोरली बसली होती. बाळ तिच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

"झालं?"

"नाही ताई. मीच उठून आले."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "शेवटची तू आहेस?"

डावखुरीने मान डोलावली.

मग थोरली हळूच म्हणाली, "तुझ्या जागी मी असते, तर माझ्यासारखीला मत दिलं नसतं. खोटं कशाला बोलू?"

"तू अर्ज मागे घेशील?"

"नाही."

तेवढ्यात दार उघडून अध्यक्षबाई बाहेर आल्या. "मतं निम्मी निम्मी पडली आहेत. मी पंच, मला मत नाही. तू आत चल."

"पण बाई, यात माझीच जागा..."

"ठाऊक आहे. आत बसलेल्या प्रत्येकीची कधी ना कधी जाणार आहे. कुणाची गुडघ्याने, कुणाची वयाने. उठ."

डावखुरी उठली. तिने थोरलीकडे वळून पाहिलं नाही. बाळाच्या पाठीवर फिरणारा थोरलीचा हात थांबला.

आत हात वर करायला कितीसा वेळ लागतो? पण दार बराच वेळ बंद राहिलं.

डावखुरी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधू लागली.

"ताई, माझी पात्रता फेरी उद्या सकाळी सुरू होते," ती खाली बघतच म्हणाली. "माझ्याबरोबर सरावाला कुणी नाही."

थोरलीने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हा पहाटेच उठतो," ती म्हणाली. "तू कोर्ट सांगून ठेव."