ला मुएतचं मूळ रूप

जिन्याचा कठडा निघाला, तेव्हा मस्यू दारिगाद यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

"आता जिना श्वास घेतोय, मादाम."

ओनोरीनबाईंनी वर पाहिलं. समुद्राकडून येणाऱ्या उजेडात पांढरा जिना खरोखरच तरंगत होता. त्यांचे गुडघे दुखू लागले तेव्हा नवऱ्याने तो कठडा बसवला होता. नवरा मायाळू होता, पण अभिरुचीच्या नावाने शून्य.

'ला मुएत', म्हणजे समुद्रपक्षी, ही सपाट छपराची व्हिला त्यांच्या वडिलांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधून घेतली होती. वडील म्हणत, गलबत आहे. गावातले कोळी म्हणत, साबणाची वडी. आता वसंतात वारसा खात्याची बाई पाहणीला येणार होती. घर मूळ रूपात दिसलं, तर ते पुढे कुणालाच पाडता येणार नव्हतं. ऐंशी ओलांडलेल्या ओनोरीनबाईंना डोळे मिटण्यापूर्वी एवढंच हवं होतं.

दारिगाद दर गुरुवारी येत. दातांचे निवृत्त डॉक्टर. नंतर बसवलेलं काय आणि मूळचं काय, हे त्यांना नजरेनेच कळे.

"हा गालिचा तेव्हा नव्हता," ते म्हणाले.

गालिचा गेला. खालची फरशी मेण लावून अशी घासली, की तिच्यात आभाळ उतरलं. ओनोरीनबाई दिवसभर ढगांवरून चालत. कधीकधी घसरतही.

मग दुहेरी काचा गेल्या, मूळच्यासारख्या पातळ काचा आल्या. धुकं थेट खोलीत येऊन बसल्यासारखं वाटे.

"थंडी वाजते हो."

"पण उजेड कसा निखळ येतो."

"येतो खरा."

"मग शाल घ्या. शाली तेव्हाही होत्या."

येताना ते लोण्याने निथळणारा केक आणत.

"डॉक्टरांनी मनाई केलीय मला," त्या म्हणत.

"त्या काळी असली मनाई नव्हती, मादाम. खोकला कसा आहे?"

"थांबला."

"असं?" म्हणून ते बराच वेळ समुद्राकडे बघत.

शेवटी गच्चीचे लोखंडी गज निघाले. उरला घोट्याएवढा पांढरा काठ.

"अगदी टोकाशी जाऊन उभ्या राहा. घर बांधणाऱ्याला समुद्र तिथूनच दाखवायचा होता."

त्या गेल्या. झग्यात वारा शिरला, आणि घर नांगर उचलून हळूच निघाल्याचा भास झाला. वडील शेजारीच उभे असावेत असं वाटलं.

"तुम्ही नाही येत?"

"मला चक्कर येते," जिन्याच्या दारातून दारिगाद म्हणाले.

वसंतात वारसा खात्याची क्लोतिल्द आली. घरभर हिंडली, गच्चीवरून परतली तेव्हा तिचे डोळे पाणावले होते.

"मादाम, मी शिफारस करते. इतकं निर्मळ घर मी पाहिलं नाही. कोणा वास्तुतज्ज्ञाने सांगितलं का हे सगळं?"

"छे गं. मस्यू दारिगाद, दातांचे डॉक्टर."

"आणि त्यांना या घराची एवढी ओढ?"

"असणारच," ओनोरीनबाई कौतुकाने म्हणाल्या. "करार आहे ना आमचा. मी जिवंत आहे तोवर त्यांनी मला दरमहा पैसे द्यायचे, आणि मी गेले की घर त्यांचं. किती वर्षं झाली, देताहेत बिचारे."