हात ओले होईपर्यंत

व्हॉलीबॉलच्या सामन्याचा शेवटचा गुण यजमानांच्या कर्णधाराने, ओरालियाने घेतला. चेंडू पलीकडच्या रेषेच्या आत आपटला आणि ड्राय फोर्क कॉलेजचं पत्र्याच्या छपराचं क्रीडागृह उठून उभं राहिलं. पश्चिम टेक्सासमधल्या त्या गावात इतकी माणसं एका छपराखाली ईस्टरलासुद्धा जमत नसत.

नेटखालून हात मिळवून झाले, तरी दोन्ही संघ आपापल्या रेषेवर थांबून राहिले. खेळ संपला तरी एक गोष्ट उरते, हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं. लेकशोर, म्हणजे सरोवरकाठ, या नावाच्या कॉलेज मंडळाच्या अंतिम सामन्यात हरलेली कर्णधार जिंकलेल्या कर्णधाराच्या हातांवर सरोवराचं पाणी ओतते. हात ओले झाल्याशिवाय करंडकाला कुणी शिवत नाही.

मंडळाचे सचिव व्हीलॉक टेबलापाशी आले. टेबलावर नवाकोरा करंडक होता. मागच्या भिंतीवर कापडाने झाकलेला फलक होता आणि त्याची दोरी खाली लोंबत होती. पाण्याचं भांडं कुठेच नव्हतं.

"पाणी?" ओरालियाने विचारलं.

व्हीलॉक हसले. टीव्हीचा कॅमेरा सुरू होता, म्हणून आवाज खाली आणून त्यांनी तिला समजावलं. सरोवराकाठची कॉलेजं एकेक करून मोठ्या मंडळांत गेली, मोठ्या पैशामागे. काठावर आता एकटं सेंट वालबुर्गा उरलं, आणि तेच तर आत्ता हरून समोर उभं होतं. बाकीची सगळी वाळवंटातली, माळावरची. लेकशोर म्हटलं की लोक हसतात. म्हणून आजपासून नाव फ्रंटियर मंडळ. ओरालियाने दोरी ओढायची, कापड खाली येईल, फोटो निघेल.

"नव्या नावाचे पहिले विजेते तुम्ही. कायमचं नाव राहील, पोरी."

"आम्ही लेकशोरचा सामना जिंकलोय, सर."

"अगं, ते सरोवर इथून गाडीने दोन दिवसांवर आहे. तुला त्याचं एवढं काय?"

"आमच्याकडे सरोवर असतं, तर तुमच्या मंडळात आलो असतो कशाला? गेल्या वर्षी याच नावाखाली हरलो. पाणी मीच ओतलं. आता जिंकायचंही याच नावाखाली."

व्हीलॉकांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. टीव्हीवाले थांबायचे नाहीत, म्हणाले. दोरी ओढायची नसेल तर करंडक गाडीत परत जाईल. आणि पुढच्या वर्षीचा सामना या गावाला द्यायचा की नाही, याचाही विचार करावा लागेल.

ओरालियाने प्रेक्षकांकडे पाहिलं. बेकरी बंद करून बेकरीवाली आली होती. कापसाच्या गिरणीतून तिचे वडील तसेच आले होते, खांद्यावर पांढरा कापूस घेऊन. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पुन्हा हा करंडक तिच्या वाट्याला येणार नव्हता.

"विचार करा, सर," ती म्हणाली. "गाडीत जागा उरली तर तो फलकही घेऊन जा."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मागच्यांनी काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि हसू रांगेरांगेने वर छपरापर्यंत गेलं.

तेव्हा पलीकडच्या बाकावरून सिस्टर ओडिला उठल्या. सेंट वालबुर्गाच्या त्या प्रशिक्षक. डोक्यावर जोगिणीचं वस्त्र, पायात खेळाचे बूट. सामना हातातून सुटत असला तरी त्यांचा आवाज कधी चढत नसे. सिस्टर देवाशी भांडल्या तरी देवाला कान पुढे करावा लागेल, असं त्यांच्याच मुली म्हणत. त्यांनी पिशवीतून एक चेपलेला थर्मास काढला.

व्हीलॉक म्हणाले, यंदा पाणी आणायचं नाही असा निरोप पाठवला होता, मिळाला नाही का.

"मिळाला," सिस्टर म्हणाल्या. "पहाटेची प्रार्थना झाली की मी काठावर जाते. निघायच्या दिवशी तिथेच थर्मास भरला. निरोप नंतर आला. भरलेलं पाणी ओतून कसं द्यायचं?"

थर्मास त्यांनी आपल्या कर्णधाराच्या, ब्रिगिटच्या हातात दिला. ब्रिगिटचे डोळे अजून लाल होते. ती नेटखालून वाकून ओरालियासमोर आली. मैदान ओलं होईल, असं व्हीलॉक म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी, तिकडे उत्तरेत, ब्रिगिटने हात पुढे केले होते आणि ओरालियाने पाणी ओतलं होतं. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ब्रिगिट म्हणाली होती, जपून ओत गं, तुमच्याकडे मिळत नाही. तिकडचे लोक खूप हसले होते.

ओरालियाने ओंजळ पुढे केली.

"जपून ओत गं. आमच्याकडे मिळत नाही."

ब्रिगिटला रडता रडता हसू आलं. "गप बस," ती म्हणाली आणि तिने थर्मास वाकडा केला.

पाणी ओंजळीत भरलं, बोटांतून निसटलं, लाकडी मैदानावर पडलं. त्या मैदानावर घामाचा थेंब पडला तरी पाय घसरायच्या आत पुसायला कुणीतरी धावतं. टॉवेल घेतलेल्या दोन मुली आताही कडेला उभ्या होत्या. पाणी पसरत पसरत रेषेपर्यंत गेलं. भिंतीवरची दोरी तशीच लोंबत होती.

टॉवेल घेऊन कुणीही पुढे आलं नाही.