ओला रुमाल

माढ्याच्या वैजयंतीबाई सोलापुरात माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या आणि गालावरच्या वांगावर बोट ठेवून म्हणाल्या, “ताई, पन्नाशीत लई सुटलंय हे. उद्या माझ्या पोरीला बघायला पावणे येनार हायेत. जरा चेहरा उजळवा की.”

मी पांढरा रुमाल पाण्यात बुडवला आणि बसलेल्या सगळ्या बायकांसमोर त्यांचा गाल खसाखसा पुसला. रुमालावर पावडरीचा थर आला. तो मी सगळ्यांना फिरवून दाखवला.

“वरनं पावडर थापलीय. आतनं काळंच हाय.”

त्या भडकल्या. “ही कुटली रीत म्हणायची?”

“तुमचीच की. सत्तावीस वर्षांमागं तुमी जेऊरला तुमच्या भावासाठी मला बघायला आला होता. भरल्या घरात माझा गाल असाच पुसला तुमी. आन् जाताना एक शब्द टाकून गेला. त्या शब्दावर माझा बाप वर्षभर पोस्टमनची वाट बघत बसला.”

त्या वरमल्या. माझा हात धरून म्हणाल्या, “आता जुनं कशाला उगाळता? उद्याचं तेवडं निभवा.”

मी हात सोडवून घेतला आणि दार उघडलं.

“घरी जावा. कळवते.”